डावी उजव्या पायात

लतीफचाचांविषयी लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करते. मी काढलेल्या पत्रकामुळे त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. पत्रक खरं होतं. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. तरी ते काढायला नको होतं असं मला आठवड्यातले चार दिवस वाटतं आणि उरलेले तीन दिवस वाटतं की बरोबरच काढलं. लिहिता लिहिता हा गुंता सुटेल म्हणून बसले आहे. सुटेलच असं नाही.

रियाधच्या उत्तरेला एका मॉलच्या पोटात बर्फाचा उतार केलेला आहे. बाहेर पंचेचाळीस, आत उणे दोन. आमच्या हॉस्पिटलातली मराठी मंडळी त्याला बर्फघर म्हणतात आणि शुक्रवारी जेवणं आटोपून तिथे जातात. मी फिजिओथेरपिस्ट. सोलापूरला कॉलेजात होते तेव्हा संघटनेची पत्रकं मीच लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, मुलींच्या खोल्यांच्या तुटक्या कड्या, परीक्षेची फी. वर जळजळीत मथळा, मधे तीन सवाल, तळाशी ‘जबाबदार कोण?’ हा साचा अंगात इतका भिनला की आईला पत्र लिहितानाही तळाशी जबाबदार कोण ते यायचं. रियाधला आले आणि पत्रकं बंद पडली. “इथे मोर्चा नसतो बाई, इथे इकामा असतो,” असं आमचे डॉ. कुलकर्णी पहिल्याच दिवशी म्हणाले. इकामा म्हणजे राहायचा परवाना. तो मालकाच्या मर्जीवर जगतो.

बर्फघरात उताराच्या पायथ्याशी बूट आणि स्की भाड्याने देतात त्या काउंटरमागे काचेची एक खोली आहे. तिथे लतीफचाचा बसत. अब्दुल लतीफ परकार, बाणकोटच्या खाडीकाठचे, साठी ओलांडलेले. डोक्याला तपकिरी कानटोपी, अंगात हाताने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. कंपनीने दिलेलं जाडजूड जॅकेट त्यांनी खुर्चीला घालून ठेवलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “खुर्चीला थंडी वाजते.”

मूळचे होड्या बांधणारे. जेद्दाला सुतार म्हणून आले, तिथे माशांच्या शीतगृहाची दारं बसवत राहिले. पुढे बर्फघर झालं तेव्हा गारठ्यात हात चालणारा कारागीर हवा होता, म्हणून कोणीतरी त्यांना इकडे आणलं. स्कीचा तळ घासणं, कडांना कानस लावणं, इस्त्रीने मेण चढवणं ही कामं ते एका परदेशी माणसाकडून आठ दिवसांत शिकले. आभाळातून पडलेला बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. स्की पायात घातली नव्हती, घालायची इच्छाही नव्हती.

“एकदा घसरून तर बघा,” मी म्हणाले होते.

“होड्या बांधल्या म्हणून मी काय मासे मारायला गेलो?” ते म्हणाले. “होडीची वाट लावणारे वेगळे असतात, बाय.”

आमची ओळख भांडणातून झाली. भाड्याच्या जुन्या, ओरखडे पडलेल्या स्कीवर मी दोन महिन्यांत बऱ्यापैकी शिकले होते. देशाच्या वायव्य टोकाला, तबूककडच्या डोंगरांत पुढे स्कीचं काहीतरी मोठं होणार अशी हवा होती, बर्फघराच्याच कंपनीने मॉलमध्ये स्कीचं दुकान काढलं होतं, आणि आमच्या ग्रुपमधल्या दहा-अकरा जणांनी उत्साहाने नव्या जोड्या घेतल्या. मीही घेतली. पिवळीधमक, चकचकीत. पहिल्याच फेरीत मी आडवी. सरळ जाताना ठीक, पण वळायला गेलं की कडा बर्फात अशी रुतायची की मागून कोणी ओढणी धरली आहे असं वाटावं. सहा फेऱ्या, सहा आपट्या. मी स्की खांद्यावर टाकून तरातरा काचेच्या खोलीत गेले आणि छातीवरच्या बिल्ल्यावर परकार हे कोकणी आडनाव दिसल्यावर मराठीतच सुटले. ग्राहकांची लूट, नवा माल म्हणून गळ्यात मारलेला कचरा, बड्या कंपन्यांची मुजोरी.

चाचा गवती चहा पीत होते. थर्मासचं झाकण खाली ठेवून म्हणाले, “बोलून झालं?”

“नाही.”

“मग बोल. चाय हाय अजून.”

मी थांबले. थांबावंच लागलं, कारण ऐकणारा शांत असला की भाषणाला चढ मिळत नाही.

“आता डावी उजव्या पायात घाल,” ते म्हणाले, “नि उजवी डाव्या. एक फेरी मारून ये.”

“त्याने काय होणार?”

“खोड पायाजवळ राहते का स्कीबरोबर जाते ते कळंल. तोवर कोणाला शिव्या द्यायच्या ते कसं ठरवणार?”

मी गेले. पडून परत आले. ते प्रश्न विचारत गेले. रुतणं कुठल्या पायाला? दोन्ही. आधी? आधीही दोन्ही. आणि उताराच्या मधल्या टप्प्यावर बाहेर पळतो तो कुठला? डावा. आधी? आधीही डावाच.

त्यांनी स्की उलटी करून कामाच्या लाकडी घोड्यावर ठेवली, पितळेची एक सरळ पट्टी तळावर आडवी उभी केली आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारला. पट्टीच्या खाली, अगदी मधोमध, उजेडाची बारीक फट दिसत होती.

“बघ. तळ मधे खोल, कडा वर. म्हणून रुतते. कारखान्यात घाईत काढलान की असं होतं.”

“म्हणजे दोष कंपनीचा!” मी विजयाने म्हणाले.

“हा दोष स्कीचा. डावा पळतो तो दोष तुझा. मोजे किती घातलेस?”

दोन. थंडीच्या भीतीने एकावर एक. त्यामुळे पाय बुटात तरंगत होता.

“एक काढ,” ते म्हणाले. “बाकी काय करू नकोस. एका फेरीला एकच गोष्ट बदलायची.”

हा त्यांचा नियम होता आणि त्यावर ते कमालीचे कडक होते. कोणी मोजे बदलून शिवाय बुटाचे पट्टेही आवळून आला, तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं करायला लावायचे. हा नियम ते घरीही लावायचे. त्यांची मुलगी रुखसाना तबूकच्या एका दवाखान्यात नर्स, तेव्हा तिला दिवस गेलेले. एकदा मी खोलीत असताना तिचा फोन आला. चाचा तिच्यावर चक्क चिडले. फोन ठेवून मला म्हणाले, “उलट्या होतात म्हणून हिनं भात पण सोडलान नि चहा पण. आता कळणार कसं, कशानं होतात?”

“गरोदरपणाने होतात, चाचा.”

“ते मोठं कारण झालं. मी लहान विचारतोय.”

डॉ. कुलकर्ण्यांची गोष्ट तर आमच्यात अजून सांगतात. डॉक्टर हाडांचे सर्जन. नव्या स्कीवर त्यांच्या पिंढऱ्या भरून यायच्या. त्यांनी चाचांना स्कीची लांबी, आपलं वजन, गुडघ्याचा कोन असं सगळं इंग्रजीतून समजावलं. चाचांनी त्यांना बुटात उभं केलं, खाली बसून टाचेजवळ दोन बोटं घातली आणि म्हणाले, “बूट मोठा हाय. दोन आकडे.”

“अहो, मी हाडांचा डॉक्टर आहे!”

“मग हाडाला विचारा की ते बुटात नाचतंय कशाला.”

डॉक्टर तावातावाने गेले आणि पुढच्या शुक्रवारी लहान बूट घालून आले. चाचांशी काही बोलले नाहीत. पिंढऱ्यांविषयीही नाही.

पण सगळे दोष पायांचे नव्हते, हे मी ठासून सांगते. बहुतेक नव्या जोड्यांचा तळ खोल होता. चाचा मेण पाजायचे. “नवी स्की तहानलेली असते, पाच वेळा पिऊ दे, मग बोल,” म्हणायचे, आणि मेणाने थोडा फरक पडायचाही. रुतणं मात्र जाईना. त्याला तळ घासूनच हवा होता. घासायची यंत्रं आतल्या खोलीत उभी होती. पण विकलेल्या स्कीला वर्कशॉपने हात लावू नये, अशी नोटीस मुदीरने, म्हणजे तिथल्या मॅनेजरने, भिंतीवर डकवलेली. का? ग्राहकाने दोन-तीनदा आपटून आपलाच धीर सोडावा आणि पुन्हा भाड्याच्या स्कीकडे वळावं, म्हणून? माझा तोच संशय होता. आजही आहे.

तेव्हा मी पत्रक लिहिलं. चार वर्षांनी. हात शिवशिवत होते. मथळा: ‘नव्या स्कीच्या नावाखाली उघड फसवणूक’. सवाल तीन. विकण्याआधी तळ तपासला का? तपासला असेल तर तसाच का दिला? दुरुस्तीला बंदी का? तळाशी अर्थातच जबाबदार कोण. इंग्रजीत आणि अरबीत करून घेतलं, जोडी घेतलेल्या अकराही जणांच्या सह्या घेतल्या आणि मुदीरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. डॉ. कुलकर्ण्यांनी सही करताना “नक्की ना?” विचारलं होतं. मी म्हणाले, “सर, सवाल विचारायला कसली भीती?”

चाचांना मी आधी दाखवलं नाही. ते नको म्हणतील हे मला माहीत होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच घडलं.

आठवड्याभरात मला माझ्या पत्रकाचं उत्तर मिळालं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडीला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर चौकट: तपासलं. खाली कारागिराची सही. अकराही चिठ्ठ्यांवर सही एकाच माणसाची. लतीफ परकार. मुदीरने पत्रकाचा शेवटचा प्रश्न वाचला आणि त्याचं उत्तर ताबडतोब देऊन टाकलं: हा जबाबदार. चाचांचा इकामा पुढच्या महिन्यात संपत होता. तो वाढवायचा नाही, माणूस घरी पाठवायचा. खलास. रुखसानाचे दिवस भरायला दोन महिने होते. तिची आई कधीच गेलेली, नवरा जहाजावर. बाळंतपणाला बाप जवळ असावा एवढंच त्या बापलेकींनी ठरवून ठेवलं होतं.

हे मला डॉक्टरांकडून कळलं. मी हॉस्पिटलच्या कपड्यांतच बर्फघर गाठलं. चाचा एका भाड्याच्या स्कीच्या कडेवर कानस फिरवत होते.

“तुम्ही सही का केलीत?” मी ओरडलेच. खरं तर माफी मागायला गेले होते. तोंडातून हे आलं.

“तुझ्या स्कीची चिठ्ठी कुठाय?”

“असेल बॅगेत. का?”

“मागनं वाचलीस?”

घरी जाऊन बॅग उपडी केली. चिठ्ठी तळाशी चुरगळलेली. पुढे चौकट, बरोबरची खूण, सही. मागे पेन्सिलने, शाळेतल्या वळणदार अक्षरात, मराठीत लिहिलेलं: ‘तळ मधे खोल. घासल्याशिवाय देऊ नये. ल. प.’

मी पुढची बाजू, मागची बाजू पुन्हा वाचली. अकरा जोड्या, घेणारे बहुतेक मराठी, आणि एकानेही चिठ्ठी उलटून पाहिली नव्हती. सोलापुरात पत्रक वाटताना लोक न वाचता चुरगळून टाकायचे तेव्हा मी त्यांना काय काय बोलायचे!

दुसऱ्या दिवशी विचारलं, “कोणासाठी लिहीत होतात? दुकानात मराठी वाचणारं आहे कोण?”

“माझा बाप लिहायचा,” चाचा म्हणाले. “होडी बांधली की आतल्या बाजूनं, जी फळी कमजोर तिच्यावर कोळशानं लिहायचा. वरून तेल नि रंग. मालकाला घाई असायची, फळी बदलायला तयार नसायचा. मग पुढं दुरुस्तीला कोण उघडंल त्याला तरी कळंल, म्हणायचा.”

“पण तोवर होडी समुद्रात असायची ना?”

“असायची.”

“आणि बुडली तर?”

त्यांनी कानस खाली ठेवली. “एक बुडाली होती,” म्हणाले. “माणसं वाचली.” आणि परत कानस उचलली.

मला काय वाटावं ते कळेना. राग कोणावर धरायचा, तेच हातातून निसटत होतं. तरी सवय सुटत नाही. मी सहा चिठ्ठ्या गोळा केल्या, बाकीच्यांनी फेकल्या होत्या, आणि चाचांना घेऊन मुदीरसमोर गेले. प्रत्येक चिठ्ठीची मागची बाजू वाचून भाषांतर करून सांगितली. पुरावा. माणसाने इशारा दिला होता, तुमच्या दुकानाने वाचला नाही.

मुदीरने सगळं नीट ऐकलं. मग एवढंच विचारलं: म्हणजे याला माहीत होतं, आणि तरी याने सही केली?

मी चाचांकडे पाहिलं. ते त्यांच्या तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाले, हो, साहेब बरोबर बोलतात. बाहेर येऊन मी त्यांच्यावर तुटून पडले.

“तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?”

“बाजू कशाला? त्यानं विचारलान ते खरं होतं.”

“मग सही का केलीत? एकदाच सांगा.”

“नाय म्हटलं असतं तर काउंटरवरच्या पोऱ्यानं केली असती. त्याला तळ बघता येत नाय. मागं कायच लिहिलं नसतं.” मग म्हणाले, “आणि मला घरी पाठवतील म्हणून भ्यालो. दोन्ही हाय. आता कुठलं किती ते मलाच कळत नाय, तुला काय सांगू?”

तोडगा मुदीरनेच काढला. कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत पत्रक गेलेलं होतं, ते त्याला मिटवायचं होतं. अकरा जणांनी एकेका कागदावर सही करावी: मी माझी स्की तपासली, तिच्यात दोष नाही, तक्रार गैरसमजातून झाली. तसं झालं तर परकारचा इकामा तीन महिन्यांनी वाढेल. दहा जणांनी उभ्या उभ्या सह्या केल्या. कोणी मजकूर वाचलासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, “कर गं, सोड आता.” राहिले मी.

चाचा म्हणाले, “तू करू नकोस. खोटं हाय ते.”

“तुम्ही केलीत की!”

“म्हणून सांगतोय.”

“आणि रुखसाना?”

त्यांनी थर्मास उघडला. गवती चहा झाकणात ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्या झाकणात चहा दिला होता, आणि तो करू नकोस म्हणून दिला की कर म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी मुदीरच्या केबिनमध्ये गेले. कागद समोर होता. सोलापूरच्या माझ्या सगळ्या पत्रकांच्या तळाशी असलेला तो प्रश्न डोळ्यांपुढे नाचत होता आणि उत्तराच्या जागी मला फक्त माझंच पेन दिसत होतं. मी सही केली. मग कागद उलटा केला आणि मागे, मराठीत, जमेल तितक्या नीट अक्षरात लिहिलं: ‘तळ मधे खोल आहे. तक्रार खरी आहे.’ खाली आद्याक्षरं. मुदीरने विचारलं, हे काय? मी म्हणाले, तारीख. त्याने कागद फाइलला लावला.

मी केबिनमधून बाहेर आले. खोटं बोलले होते आणि खरं लिहिलं होतं, एकाच कागदावर. यातलं मी नक्की काय केलं?

चाचा तबूकला गेले, तिथे पंधरा दिवस राहिले, मुलगी सुखरूप बाळंत झाली, आणि ते परतीचे कागद पुरे करायला रियाधला आले. तीन महिन्यांनंतर वाढ नव्हतीच.

“तबूकला बर्फ दिसला का?” मी विचारलं. त्या थंडीत डोंगरावर पडेल, तुम्हाला दाखवीन, असं रुखसानाने म्हटलेलं होतं.

“नाय पडला. नात बघितली,” ते म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. तपकिरी कानटोपीतलं एक मुटकुळं. टोपी त्यांचीच विणलेली दिसत होती.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी माझी पिवळी जोडी मागून घेतली. भिंतीवर नोटीस तशीच होती. तिच्या बरोबर खाली उभं राहून त्यांनी तळ घासला. यंत्र चालवलं तर आवाज होईल म्हणून हाताने, पोलादी पट्टीने, दोन तास. मधूनमधून पितळी पट्टी लावून टॉर्च मारत होते. शेवटी फट दिसेनाशी झाली. मेण पाजलं. मग खणातून एक कोरी चिठ्ठी काढून स्कीला बांधली. मी पहिल्यांदा ती उलटली. मागे एकच शब्द होता: ‘ठीक’.

“जा,” ते म्हणाले. “काय वाटतं ते मला सांगू नकोस. मी बघतो.”

आणि कधी नव्हे ते काचेच्या खोलीतून बाहेर आले. मोज्यांवर चपला, कानटोपी, खुर्चीचं जॅकेट अखेर अंगात. उताराच्या पायथ्याशी बर्फावर उभे राहिले. मी वरून सुटले. स्की रुतली नाही. वळली, आणि पुन्हा वळली, अगदी लोण्यासारखी. मोजा एकच होता, तरी मधल्या टप्प्यावर डावा पाय बाहेर पळाला, कशीबशी सावरले. खाली पोचले तर चाचा माझ्याकडे बघतही नव्हते. उकिडवे बसून माझ्या स्कीने काढलेल्या दोन रेघांवरून बोट फिरवत होते. एक खोल होती, एक उथळ.

“पाय बदलून ये,” ते म्हणाले.

मी डावी उजव्या पायात घातली, उजवी डाव्या, आणि सरकत्या पट्ट्यावरून वर गेले. वरून ते अगदी लहान दिसत होते, बर्फावर ठेवलेल्या एखाद्या तपकिरी दगडासारखे. मी सुटले. वळण, वळण, आणि मधल्या टप्प्यावर पुन्हा डावा पायच बाहेर पळाला. या वेळी सरळ पडले. पडल्या पडल्या मान वर करून पाहिलं.

चाचांनी दोन्ही रेघा पाहिल्या. मग उभे राहून त्यांनी लांबूनच मला खूण केली: स्वतःच्या डाव्या मांडीवर दोनदा थाप मारली, हात झटकला आणि काचेच्या दाराकडे चालू लागले.